दोन तारा, तिसरी तार आणि भूमी

बडोद्यातील मराठी घराची ओळख एके काळी सरकारी खात्यावरून सांगत असत. आजोबा खासगी खात्यात, थोरले काका न्यायमंदिरात, धाकटे शाळाखात्यात, असा तो हिशेब असे. गेल्या साठ वर्षांत हा हिशेब पालटला. १९६५ साली कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला, १९६७ पासून फर्टिलायझरनगरात खत निघू लागले, १९६९ साली इंडियन पेट्रोकेमिकल्सची स्थापना झाली (ती कंपनी २००७ साली रिलायन्समध्ये विलीन झाली), आणि मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत लहानमोठ्या कारखान्यांची दाटी झाली. दांडिया बाजार, रावपुरा आणि सुलतानपुरा येथील मुले पाळीच्या भोंग्यावर जाऊ-येऊ लागली. आता त्या मुलांची मुले तेच करीत आहेत. परिणामी आपल्या माजघरात असे कित्येक शब्द येऊन बसले आहेत, की जे सर्वांनी ऐकलेले असतात आणि ज्यांचा अर्थ कोणी कोणाला विचारीत नाही. ‘आज लिंक गेली होती’, ‘अर्थिंग लूज होते’, ‘लूपमध्ये नॉइज आहे’ अशी वाक्ये रात्रीच्या जेवणावर कानी पडतात, आणि वाढणारी माउली ‘बरं, कढी आणखी हवी का?’ एवढेच विचारते. ह्या महिन्याच्या सदरात त्या वाक्यांमागची गोष्ट सांगावी असे योजिले आहे. मी भाषेचा शिक्षक आहे, विजेचा नव्हे. पण एका यंत्राचे म्हणणे दुसऱ्या यंत्रास नीट कळावे, हा प्रश्न मुळात भाषेचाच आहे असे मला वाटते.

कारखान्यात तापमान, दाब, प्रवाह, टाकीतील पातळी, विजेचा खप अशा अनेक गोष्टी मोजणारी उपकरणे जागोजागी बसविलेली असतात. त्यांची वाचने एका मध्यवर्ती यंत्राकडे जातात आणि ते यंत्र झडपा उघडण्याचे व मोटारी थांबविण्याचे हुकूम सोडते. पूर्वी प्रत्येक उपकरणापासून स्वतंत्र तारा ओढीत. आता पुष्कळ ठिकाणी एकाच जोडतारेवर पंचवीस-तीस उपकरणे बांधतात, आणि ती पाळीपाळीने बोलतात. हे बोलणे कसे चालते ते ज्याने वर्गात हजेरी दिली आहे त्याला सहज समजेल. गुरुजी पटावरील क्रमांक पुकारतात. ज्याचा क्रमांक असेल त्यानेच ‘हजर’ म्हणावयाचे. बाकीच्यांनी तोंड उघडावयाचे नाही. १९७९ साली मॉडिकॉन ह्या अमेरिकी कंपनीने ‘मॉडबस’ नावाची जी पद्धत काढली, ती अगदी अशीच आहे. तीत एक ते दोनशे सत्तेचाळीसपर्यंत पटक्रमांक देता येतात. चुकून दोन उपकरणांना एकच क्रमांक दिला गेला, की दोघेही एकदम ‘हजर’ म्हणतात आणि गुरुजींना एकाचेही ऐकू येत नाही. एकाच वर्गात दोन ‘सुरेश’ असले म्हणजे काय होते ते कोणत्याही शिक्षकास विचारावे.

बोलण्याची लिपी मात्र दोनच अक्षरांची : एक आणि शून्य. एकामागून एक, माळेतील मण्यांसारखी ती तारेवरून जातात, म्हणून ह्या प्रकाराला ‘सीरियल’, म्हणजे क्रमवार, असे म्हणतात. नेहमीचा वेग सेकंदाला नऊ हजार सहाशे मण्यांचा. एका अक्षराला दहा-अकरा मणी लागतात, तेव्हा एक अक्षर सेकंदाच्या हजाराव्या भागाहून थोड्याच अधिक वेळात पलीकडे पोहोचते. प्रत्येक निरोपाच्या शेवटी सोळा मण्यांची एक ताळ्याची संख्या जोडलेली असते. वाण्याच्या वहीत पानाखाली बेरीज लिहितात, तशी. ऐकणारे यंत्र स्वतः बेरीज करून पाहते, आणि ताळा जमला नाही तर तो सबंध निरोप टाकून देते.

ही टाकून देण्याची रीत मला फार मोलाची वाटते. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला, तेव्हा बडोद्यात घरोघरी दोनच प्रश्न होते : आजवा किती झाले, आणि काळा घोडा किती? काळ्या घोड्याजवळच्या पुलापाशी सव्वीस फूट ही धोक्याची पातळी. त्या वेळी पाणी पस्तीस फुटांच्याही वर गेले. त्या रात्री ज्यांनी खालच्या मजल्यावरील गाद्या, तांदळाचे डबे आणि देव्हारा जिन्याने वर नेला, त्यांना आकड्याची किंमत सांगावी लागणार नाही. खोटा आकडा हाती येण्यापेक्षा आकडा न आलेला बरा. कारण न आलेल्या आकड्याची माणूस चौकशी करतो आणि खोट्यावर विसंबून झोपतो. ताळा पाहणाऱ्या यंत्रांची लिंक बिघडते, तेव्हा ती सहसा खोटे बोलत नाही, गप्प बसते. पडद्यावर आकड्याच्या जागी आडव्या रेघा दिसतात. रात्रपाळीच्या माणसाला त्या रेघांचा कितीही राग आला, तरी तो त्या लिंकेचा प्रामाणिकपणा आहे.

आता ती गप्प का बसते? येथे तारा आणि भूमी ह्यांचा प्रश्न येतो.

अमेरिकेत १९६० साली ठरलेली जुनी रीत, जिला आरएस-२३२ म्हणतात, तीत बोलण्याची एक तार असते आणि एक समाईक तार असते. समाईक तारेच्या मानाने बोलण्याच्या तारेवर दाब वर आहे की खाली, ह्यावरून एक की शून्य ते ओळखावयाचे. हे एका टेबलावरील दोन यंत्रांपुरते ठीक चालते. पंधरा मीटर, म्हणजे जेमतेम एका दिवाणखान्यापासून दुसऱ्यापर्यंत, एवढीच तिची शिफारस केलेली धाव. दूरच्या दोन यंत्रांचे ‘शून्य’ एकच राहत नाही. आपल्या ओट्यापासून दोन हात उंच आणि शेजारच्या ओट्यापासून दोन हात उंच, ह्या दोन उंची सारख्या आहेत असे कोण म्हणेल?

म्हणून १९८३ साली आरएस-४८५ ही दुसरी रीत प्रमाण ठरली. तीत बोलण्यासाठी दोन तारा असतात, एकमेकींना पीळ घातलेल्या. एकीवर दाब वाढला की दुसरीवर तेवढाच कमी होतो, आणि ऐकणारा फक्त दोघींमधील फरक पाहतो. हा फरक एका व्होल्टचा पाचवा हिस्सा असला तरी त्याला पुरतो. बाहेरून एखाद्या मोटारीचा विद्युत्‌गोंगाट येऊन आदळला, तर पिळामुळे तो दोन्ही तारांवर सारखाच आदळतो आणि फरक कायम राहतो. नदीला पाणी चढले की काठाला बांधलेल्या दोन नावा सारख्याच वर उचलल्या जातात. त्यांच्यातील उंचसखलपणा जो होता तोच राहतो. ह्या युक्तीवर संदेश बाराशे मीटरपर्यंत जाऊ शकतो, आणि साध्या हिशेबाने बत्तीस उपकरणे एका जोडीवर बसतात.

पण नावांच्या ह्या दृष्टांताला एक मर्यादा आहे, आणि पुष्कळसे तंत्रज्ञ नेमके तेथेच फसतात. नावा पुलाखाली आहेत. पाणी फार चढले की त्या पुलाला आपटतात, फार उतरले की तळाला टेकतात. आरएस-४८५ च्या ऐकणाऱ्या चिपेला वर बारा व्होल्ट आणि खाली सात व्होल्ट एवढीच मोकळी जागा आहे. दोन यंत्रांच्या ‘शून्यां’मध्ये त्याहून अधिक अंतर पडले, तर तारांमधील फरक शाबूत असूनही ऐकणारा बहिरा होतो, आणि अंतर आणखी वाढले तर कायमचाच जातो. तेव्हा ‘दोन तारांची रीत’ हे नाव थोडे फसवे आहे. दोघींबरोबर एक तिसरी तारही हवी, जी काही बोलत नाही, पण दोन्हीकडच्या शून्यांना एकमेकांपासून फार दूर जाऊ देत नाही. नकाशात ती ‘कॉमन’ म्हणून दाखविलेली असते, आणि खर्च वाचविताना पहिली गाळली जाते.

गाळणारा म्हणतो, तिसरी तार कशाला? दोन्ही यंत्रांना अर्थिंग आहे, भूमी सगळीकडे एकच आहे. हा समज आजचा नाही. १८३८ साली जर्मनीत स्टाइनहाइल ह्या शास्त्रज्ञाला असे आढळले, की तारायंत्राला परतीची तार लागतच नाही, ते काम जमीन करते. तारेचा निम्मा खर्च वाचला. पुढच्याच वर्षी कलकत्त्यात डॉ. ओशॉनेसी ह्यांनी आपल्या देशातील पहिले प्रयोग केले, आणि १८५०च्या दशकात त्यांच्याच देखरेखीखाली हिंदुस्थानभर तारा पसरल्या. खांबावरून एक लोखंडी तार जाई आणि परतीचा मार्ग जमिनीतून असे. आपल्या आजोबापणजोबांना इंदूर-ग्वाल्हेरहून जन्ममृत्यूचे निरोप आले ते ह्याच रीतीने, भूमीच्या साहाय्याने. तारेची ही सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

टेलिफोन निघाला तोही आरंभी एका तारेवर. मग शहरांत विजेची रोषणाई आली, १८८०च्या दशकाच्या अखेरीस विजेच्या ट्रामगाड्या आल्या (आपल्या मुंबईत १९०७ साली), आणि त्यांचाही परतीचा प्रवाह रुळांतून जमिनीत झिरपू लागला. एकाच वाटेने निरोप्या आणि गाड्यांचा तांडा निघाला, म्हणजे निरोप्याचे काय व्हायचे? टेलिफोनात नुसती घरघर ऐकू येई. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल ह्यांनी दोन तारांना पीळ घालण्याचे पेटंट १८८१ सालीच घेऊन ठेवले होते. टेलिफोन कंपन्यांना अखेर दोन तारांचा खर्च सोसून भूमीची वाट सोडावी लागली. आज कारखान्यात जो तंत्रज्ञ ‘भूमी एकच आहे’ असे म्हणतो, तो नकळत १८३८ सालात उभा असतो.

आणि आपली भूमी तरी कशी? बडोद्याभोवतीची काळी माती पावसाळ्यात लोण्यासारखी आणि वैशाखात अशी भेगाळलेली, की भेगेत काठी जावी. ओली माती विजेला वाट देते, कोरडी अडविते. म्हणून अर्थिंगचा खड्डा करताना लोखंडी नळाभोवती कोळसा आणि मीठ ह्यांचे थर देतात आणि उन्हाळ्यात त्यात पाणी घालावे असे सांगतात. अर्थिंगसंबंधी भारतीय मानक संस्थेची संहिता आहे, तिचा क्रमांक ३०४३. ती २०१८ साली नव्याने सुधारली आहे. ती किती जणांनी वाचली आहे ते सोडा, पण खड्ड्यात पाणी घालणारा माणूस किती कारखान्यांत नेमलेला असतो? एका शेडचा खड्डा बोअरच्या गळतीपाशी, दुसऱ्याचा डांबरी आवारात कडक उन्हात. दोन्हींना ‘अर्थ’ म्हणतात, आणि दोहोंत घरचा आणि परका एवढे अंतर असते. पहिल्या वळवाची वीज जवळ कोसळली, तर क्षणमात्र ते अंतर हजारो व्होल्टांचे होऊ शकते. जूनच्या पहिल्या पावसानंतर इलेक्ट्रॉनिक सामान विकणाऱ्यांच्या दुकानी कारखान्यांची माणसे का दिसतात, ह्याचे हेही एक कारण आहे.

माझा एक जुना विद्यार्थी मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात काम करतो. दिवाळीला नमस्काराला आला तेव्हा त्याने जी हकीकत सांगितली, ती ह्या लेखाचे खरे कारण. तेथे दोन शेड, मध्ये सुमारे दोनशे मीटरांचे अंतर. दुसऱ्या शेडमधील विजेचे मीटर दिवसातून दहादा ‘गप्प’ होत. रात्री क्वचित, रविवारी मुळीच नाही. कन्व्हर्टर बदलले, केबल बदलली, वेग कमी करून पाहिला, व्यर्थ. वरिष्ठांनी एक दिवस पाहिले, की दुसऱ्या शेडच्या पॅनेलची अर्थिंगची हिरवी तार सैल केली तर मीटर बोलू लागतात. त्यांनी हुकूम दिला : तार काढून टेप गुंडाळ आणि विषय संपव.

‘सर, आणि खरोखरच लिंक चालू झाली होती,’ तो म्हणाला. ‘मी नाही म्हटलं तर मूर्ख ठरत होतो.’

तो नाही म्हणाला. का, हे समजावून घेण्याजोगे आहे, कारण हीच गोष्ट आपल्या घराघरांत आहे. त्या हिरव्या तारेचे काम निरोप पोहोचविणे हे नाही. पॅनेलच्या आत एखाद्या तारेचे वेष्टन सोलवटून ती पत्र्याला टेकली, तर सबंध पत्रा दोनशे तीस व्होल्टांचा होतो. हिरवी तार जागेवर असेल तर प्रवाह लोंढ्यासारखा तिच्यातून निघून जातो, फ्यूज उडतो किंवा ब्रेकर पडतो, आणि पत्रा निर्जीव होतो. ती नसेल तर फ्यूजला काहीच कळत नाही. पत्रा वाट पाहत राहतो. पहिला जो माणूस ओल्या पायांनी येऊन दार उघडील, त्याच्या देहातून तो आपली वाट काढतो. बाधित प्रवाह तीस मिलिअँपिअरपर्यंत पोहोचताच वीज तोडणारी आरसीसीबी नावाची पेटी निघाली आहे. तीस मिलिअँपिअर म्हणजे एका अँपिअरचे शंभरातले तीन भाग. माणसाचे आयुष्य एवढ्या बारीक दोऱ्यावर आहे म्हणून तो आकडा ठेवला आहे.

घरी पाहा. उन्हाळ्यात पत्र्याचा कूलर बाहेर निघतो. आत पाणी, खाली ओली फरशी, आणि तीन टाचांची पिन दोन भोकांच्या बोर्डात बसेना म्हणून तिसरी टाच मोडलेली. गीझरचेही तेच, कपडे धुण्याच्या यंत्राचेही तेच. ‘हात लावला की झिणझिण्या येतात’ हे वाक्य आपल्याकडे हसत सांगतात. घरच्या वायरमनला बोलावून प्रत्येक जाड सॉकेटाच्या वरच्या भोकाला खरोखर अर्थ आहे की नुसते भोक आहे, एवढे तपासून घेतले तर त्याला अर्धा तास लागतो. आरसीसीबीवर एक ‘टेस्ट’चे बटण असते, ते महिन्यातून एकदा दाबून पेटी पडते की नाही हे पाहावे. आमच्या घरी ते संकष्टीला दाबतात. चंद्रोदयाची वाट पाहत असताना ते काम आठवते, म्हणून तो मुहूर्त; त्यात दुसरे शास्त्र नाही.

मकरपुऱ्याकडे परत येऊ. विद्यार्थ्याने वरिष्ठांकडे दोन दिवस मागून घेतले. रविवारी लिंक कधीच बिघडत नाही, हा धागा त्याने धरला. रविवारी काय बंद असते? दुसऱ्या शेडमधील वेल्डिंगची यंत्रे. मग त्याने केबलभोवतीची संरक्षक जाळी, जिला तंत्रज्ञ ‘शील्ड’ म्हणतात, ती तपासली. ती दोन्ही टोकांना आपापल्या शेडच्या अर्थला बांधलेली होती. म्हणजे दोन खड्ड्यांमध्ये दाबाचा जो काही फरक असेल, तो त्या नाजूक जाळीतूनच वाहत होता, आणि निरोपाच्या तारा तिच्या पोटात होत्या. छत्रीतूनच पन्हाळ काढल्यासारखे झाले. जाळीचे एक टोक सोडवून त्याने दोन अर्थांमधील दाब मोजला : वेल्डिंग बंद असता अर्धा व्होल्ट, चालू असता नऊ.

आता नऊ हा आकडा बाराहून कमी आहे, मग बिघडले कोठे? मला हा प्रश्न पडला तसा तो वाचकांनाही पडेल. मीटर दाखवितो ती उलटसुलट हेलकावणाऱ्या प्रवाहाची परिणामी किंमत. त्याचे शिखर सुमारे दीडपट उंच असते, अचूक बोलायचे तर एक पूर्णांक एकेचाळीस शतांश पट. नवाचे शिखर पावणेतेराच्या जवळ येते. एका सेकंदात पन्नास वेळा नाव पुलाला आपटत होती आणि पन्नास वेळा तळाला घासत होती. एक अक्षर हजारांश सेकंदाचे, निरोप आठ-दहा अक्षरांचा; त्यात एकदा जरी आपटली तरी ताळा चुकला, निरोप बाद.

हिरवी तार सैल केली की मीटर का बोलत, तेही ह्यावरून कळते. ती सुटली की पॅनेलचा पत्रा जाळीच्या द्वारे पहिल्या शेडच्या शून्याशी जाऊन मिळे. मीटरांना बरे वाटे आणि माणूस उघडा पडे.

पण नऊ व्होल्ट तरी का असावेत? नुसत्या कोरड्या मातीने एवढे होत नाही. त्याने शेडमधील वितरणाची पेटी उघडली, तेव्हा न्यूट्रलची तार आणि अर्थची पट्टी कोणी तरी तांब्याच्या तुकड्याने जोडून ठेवलेली आढळली. त्यामुळे वेल्डिंगच्या परतीच्या प्रवाहातील काही भाग सरळ खड्ड्यात उतरत होता. हे कोणी, केव्हा, कशासाठी केले ते आता कोणास ठाऊक नाही. बहुधा कधी काळी न्यूट्रल तुटली असेल आणि घाईत काम चालविले असेल. घाईत चालविलेले काम वीस वर्षे टिकते, हा अनुभव शाळांच्या इमारतींतही येतो.

तो तुकडा निघाल्यावर नऊचे दोन व्होल्ट झाले. मग दोन्ही खड्डे जाड जस्ती पट्टीने एकमेकांना जोडून घेतले. जाळी एकाच टोकाला, नियंत्रणकक्षाच्या बाजूला अर्थ केली, दुसरे टोक टेप लावून मोकळे ठेवले. (जाळी दोन्ही टोकांना बांधावी असे सांगणारे जाणकारही आहेत, आणि उच्च वेगाच्या काही पद्धतींत ते योग्यही आहे, पण तेथे आधी सगळ्या इमारतींचे अर्थ भक्कम पट्ट्यांनी एकजीव केलेले असावे लागतात. अर्धी गोष्ट वाचून अंमल करू नये.) दुसऱ्या शेडच्या तोंडाशी त्याने एक आयसोलेटर बसविला. ह्या छोट्या डबीत निरोप काही अंतर प्रकाशाच्या रूपाने जातो, मध्ये धातूचा सांधा नसतो. वळवाच्या विजेने एका बाजूचे शून्य उसळले तरी ते दुसऱ्या बाजूला ओढीत नाही. आणि तिसरी तार? केबल चार तारांची होती. दोन वापरात, दोन कापून, वळवून, टेप लावून तशाच ठेवलेल्या. हवी होती ती तार पहिल्या दिवसापासून त्याच केबलीत झोपलेली होती.

किरकोळ दुरुस्त्या आणखी होत्या. केबलच्या दोन्ही टोकांना एकशेवीस ओहमचा रोध लावावा लागतो, नाहीतर निरोप टोकाला आपटून मागे फिरतो आणि घुमटातल्या आवाजासारखा स्वतःवरच पडतो. येथे कोणी तरी तो प्रत्येक मीटरवर लावून ठेवला होता, त्यामुळे बोलणाऱ्याचा आवाजच खोल गेला होता. एक मीटर मुख्य तारेतून लांब फांदी काढून जोडलेला होता. तो पंगतीत आणून बसविला. ह्या तारेवर उपकरणे पंगतीसारखी एकापुढे एक बसावी लागतात, झाडाच्या फांद्यांसारखी नव्हे. आणि दोन तारांना ‘अ’ व ‘ब’ अशी जी नावे असतात, ती सर्व उत्पादक एकाच अर्थाने वापरीत नाहीत. एकाचा ‘अ’ तो दुसऱ्याचा ‘ब’. एवढ्या मोठ्या शास्त्रात नावांचा असा घोळ राहावा ह्याचे मला मराठीचा विद्यार्थी म्हणून समाधान वाटले, हे कबूल करतो. शुद्धलेखनावर आपणच तेवढे भांडत नाही.

हिरवी तार जागेवर गेली. लिंक त्या दिवसापासून चालू आहे असे तो सांगतो. वरिष्ठ काय म्हणाले, असे मी विचारले. ‘काही नाही म्हणाले, सर. कोणाला काही झालंच नाही ना, मग काय म्हणतील?’

पुन्हा कोणी ती तार काढू नये म्हणून पॅनेलवर पाटी लावावी असे त्याच्या मनात होते, आणि खरे तर तो त्यासाठीच माझ्याकडे आला होता. १८९० साली श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने आणि प्रा. त्रिभुवनदास गज्जर ह्यांच्या पुढाकाराने बडोद्यात कलाभवन निघाले, तेव्हा यंत्रविद्या देशी भाषांतून शिकवावी हा त्यामागे आग्रह होता. तीच संस्था आज विद्यापीठाची तंत्रविद्याशाखा झाली आहे आणि शिक्षण इंग्रजीत चालते. त्या आठवणीने मी उत्साहाने कागद घेतला. ‘भूसंपर्क’ लिहावे की ‘अर्थिंग’? ‘काढू नये’ की ‘काढू नका’? ‘भूसंपर्क’ शब्द शुद्ध खरा, पण ज्याच्या जिवासाठी पाटी लावावयाची त्याला तो कळला पाहिजे. आम्ही लिहिले : ‘ही हिरवी अर्थिंगची तार माणसासाठी आहे. काढू नका.’ त्याखाली गुजरातीत तेच. त्याने कागद घडी करून खिशात ठेवला, आणि मग जरा संकोचून म्हणाला, की सध्या त्या शेडमधील वेल्डर बिहार आणि ओडिशाकडचे आहेत, तेव्हा आधी हिंदीत लिहून द्याल का?

लिहून दिले. पाटी हिंदीतच लागली आहे.